डाव्या मनगटावरचा ऊद

आमच्याकडे सकाळी दूध घालायला येणारा भय्या दार उघडताच नाक मुरडायचा. घरात गाय बांधली आहे का, असं त्याने एकदा मला विचारलं होतं, आणि तो चेष्टेने विचारत नव्हता. भाईंदरच्या इंद्रलोकमधल्या त्या नव्या इमारतीत गाय सोडाच, कुंडीतल्या तुळशीलाही उन्हासाठी ग्रिलला चिकटून उभं राहावं लागायचं. तरी उजाडता उजाडता ओल्या शेणाचा, कुजलेल्या पेंढ्याचा, जुन्या चामड्याचा वास आमच्या दारातून जिन्यात उतरायचा. तो माझ्या डाव्या मनगटाचा वास होता. आत खिडकीशी नाना बसलेले असत आणि माझं मनगट त्यांनी दोन बोटांनी धरलेलं असे, वैद्य नाडी धरतो तसं. डोळे मिटलेले, मान किंचित कललेली, पांढुरका उजेड नाकाच्या शेंड्यावर. श्वास ते एकदम घेत नसत. गरम चहा फुंकून फुंकून प्यावा तसा तुकड्या-तुकड्याने आत घेत, मग मान वळवून स्वतःच्या सदऱ्याच्या बाहीत नाक खुपसत, तिथला ओळखीचा वास घेऊन नाक कोरं करत, आणि पुन्हा माझ्या मनगटाकडे येत. नाना म्हटलं की मला आधी हे आठवतं. चेहरा मागाहून येतो.

नाना माझा नवरा. सगळे त्यांना नाना म्हणत. समोर मी अहो म्हणायची, पाठीमागे नानाच. ऊदाचं तेल खरं की भेसळीचं हे सांगणं हा त्यांचा धंदा. ऊद म्हणजे अगरू. आसामात त्याचं झाड असतं. झाड निरोगी असेल तर त्याचं लाकूड चुलीत घालण्यापलीकडे कामाचं नाही. त्याला कीड लागली, आत बुरशी धरली, की ते त्या जखमेभोवती काळा चीक साठवत जातं, वर्षानुवर्षं. ते काळं लाकूड पाण्यात सडवायचं, भट्टीवर दिवसचे दिवस उकळायचं, आणि पाण्यावर जो तवंग येतो ते हे तेल. नाना हे सांगताना आवाज खाली आणत, शेजारच्या घरातलं आजारपण सांगावं तसं. झाड जेवढं सोसतं तेवढं तेल उतरतं, असं ते म्हणत. मला ते कधी पटलं नाही. सोसून चांगली झालेली माणसं मी फारशी पाहिलेली नाहीत. पण झाडांचं मला काय माहीत.

तरुणपणी ते मुंबईत एका अत्तराच्या पेढीवर लागले आणि दर थंडीत तेल निवडायला आसामात जाऊ लागले. संक्रांतीच्या आसपास परत येत. त्यांच्या वळकटीत धूर आणि धुकं दोन्ही असे. अंगणातल्या भट्ट्या, तांब्याच्या डेगांखाली फुललेले निखारे, पहाटेच्या धुक्यात नुसती हालचाल म्हणून दिसणारी माणसं, हे सगळं मी त्यांच्या तोंडून पाहिलेलं आहे. अब्बासमियाँ नावाच्या एका म्हाताऱ्या भट्टीवाल्यावर त्यांचा फार जीव. तो पाण्यावरचं तेल चमच्याने काढत नसे, तळहाताने निपटून घेई. तेलाला धातू लागू द्यायचा नाही. नाना तो हात करून दाखवत. बाळाच्या डोक्यावरून पाणी निथळवतात तसा हात.

पेढी सुटली तेव्हा आम्ही मुंबईतली खोली विकून भाईंदरला आलो. व्यापारी मग घरी येऊ लागले. मीरा रोडहून, मुंबईहून, खिशात कुप्या घेऊन. नाना कुपी उजेडात धरत, तिरकी करत, आतला बुडबुडा किती आळसाने वर जातो ते पाहत. टीपकागदावर एक थेंब टाकत आणि त्याच्याभोवती तेलकट कडं किती रुंदावतं ते पाहत. पण ही डोळ्यांची कामं. खरा निकाल माझ्या मनगटावर.

स्वतःच्या हातावर त्यांना पारख करता येत नसे. त्या हातांनी इतकी वर्षं इतकी तेलं प्यायली होती की त्यांच्यावर पाणी टाकलं तरी त्याचा ऊद झाला असता. लग्नानंतर काही दिवसांनी त्यांनी माझं मनगट नाकाशी नेलं आणि म्हणाले, तुझ्या अंगाला स्वतःचा असा वासच नाही. मला तो अपमान वाटला. मग लग्नाला हो कशाला म्हणालात, असं मी विचारलं. ते म्हणाले, याच्यासाठीच. तेव्हापासून माझा डावा हात धंद्यात लागला.

त्या हाताने मी कधी लसूण सोलला नाही. मासळी धरली नाही. भांड्यांची राख लावली नाही. त्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकवून वर दोऱ्याने बांधलेल्या असत. बिल्डिंगमधल्या बायका विचारत, हात मोडलाय का हो. गजरा मी लग्नात माळला तो शेवटचा. आमच्या देवापुढे अगरबत्ती नव्हती, देवाला नुसता दिवा. ज्या घरात ऊद येतो त्या घरात स्वयंपाकापलीकडे दुसरा वास नको, हा नानांचा नियम, आणि नियम मोडलेला त्यांना दारातून कळे. शेजारणीने खाली कढीला फोडणी दिली तरी ते वर कुपीचं बूच लावून बसत.

खरा ऊद आल्या आल्या वाईट लागतो, असं ते सांगत. सकाळी तो गोठा असतो. उन्हं चढली की ओलं लाकूड होतो, मग त्याला जायफळासारखा काहीतरी उष्ण पदर येतो, आणि दिवेलागणीला, जेव्हा खाडीवरून चिखलाचा वारा सुटतो आणि नवघरकडच्या मिठागरांवरचा उजेड पितळेसारखा पिवळा पडतो, तेव्हा कुठे तो गोड व्हायला लागतो. ती गोडी मग जात नाही. हात धुवा, अंग धुवा, तिसऱ्या दिवशी सकाळी ती तिथेच असते, झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखी. खोटं तेल पहिल्यापासून गोड बोलतं आणि दुपारी दोन वाजता काही न सांगता उठून जातं. मागे भेसळीतल्या नागरमोथ्याचा वाळका वास राहतो. म्हणून नाना दिवसातून पुनःपुन्हा माझं मनगट मागत. सकाळी चहाआधी, दुपारी जेवणाआधी, दिवेलागणीला. मी पोळ्या लाटत असले तरी हात पुढे करायचा. आमच्या संसारात एकमेकांना हात लावायची वेळ अशी ठरलेली होती. तक्रार म्हणून सांगत नाही. अनेकींना तेवढीही नसते.

या धंद्याची एक रीत आहे, ती इथे सांगायला हवी. माल वाईट आहे असं तोंडावर कुणी कुणाला म्हणत नाही. भट्टीवाला निखाऱ्यांशेजारी हाडं भाजून घेत बसलेला असतो, त्याचा अपमान करायचा नाही. म्हणून पारखी कुपी बंद करून परत देतो आणि म्हणतो, आज नाक बसलंय. एवढंच. समोरचा काही विचारत नाही. कुपी खिशात घालतो, चहा पितो, हवापाण्याचं बोलतो आणि उठतो. त्या तेलाला मग बाजारात कुणी हात लावत नाही, आणि ज्या भट्टीचं ते असेल तिच्या पुढच्या तेलालाही लावत नाही. नानांनी हे वाक्य आयुष्यात फार थोड्या वेळा उच्चारलं. ज्या दिवशी उच्चारलं त्या दिवशी ते जेवले नाहीत.

त्या वर्षी दिवाळीनंतर त्यांना ताप आला. बरेच दिवस चालला. ताप गेला, सर्दी गेली, खोकला गेला. नाना पुन्हा खिडकीशी येऊन बसले. थंडीचं ऊन उशिरा येई आणि त्यांच्या गुडघ्यांवर पडून राही. कुणीतरी एक साधी कुपी ठेवून गेलं होतं, मी सकाळी थेंब लावून घेतला. दुपारी मी शेगडीपाशी होते. डाव्या हाताने दुधाच्या पातेल्यावरचं झाकण धरलेलं, उजव्या हाताने सुकट निवडत होते. नाना मागून आले, मनगट मागितलं, आणि मी घाईत उजवा हात पुढे केला.

त्यांनी डोळे मिटले. मान कलली. तुकड्या-तुकड्याने श्वास घेतला, बाहीत नाक खुपसलं, पुन्हा घेतला. "चांगलं उतरतंय," ते म्हणाले. "लाकूड लागलं आता."

सुकटीचा वास तळमजल्यापर्यंत जात होता. मग त्यांची बोटं सरकली आणि बांगड्यांवर येऊन थांबली. डाव्या मनगटावर बांगड्या नसत. त्यांनी डोळे उघडले नाहीत. तसेच उभे राहिले, बांगडीवर बोट ठेवून, आणि दूध उतू गेलं तरी आम्ही दोघं हललो नाही. दूध करपल्याचाही वास त्यांना आला नाही.

त्यानंतरचे दिवस मी कुणावर येऊ नयेत असं म्हणेन. नाना घरातली प्रत्येक वस्तू हुंगू लागले. हिंगाची डबी, रॉकेलचा डबा, कपाटातल्या डांबराच्या गोळ्या, माझं डोकं, स्वतःच्या चपला. तव्यावर मिरच्या जाळायला लावल्या. डोळ्यांतून पाणी आलं, ठसका लागला, त्या ठसक्यात क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर आशा आली आणि मग ते म्हणाले, जळजळतं गं, पण वास नाही. संध्याकाळी खिडकीत उभे राहून विचारत, वारा खाडीकडचा आहे का. मी हो म्हणे. ते नाकपुड्या फुलवून उभे राहत, नळ सोडून पाणी येण्याची वाट पाहतात तसे. खाली कुणी भरताचं वांगं भाजे, कुणी कचरा पेटवी, गटार तुंबे, जगाचे सगळे वास आमच्या खिडकीशी येऊन परत जात. नवघरच्या डॉक्टरांनी वाफ घ्यायला सांगितली, थेंब दिले, मग म्हणाले, वाट बघा. नाना वाट बघत वाळत चालले. भात आणि माती आता सारखीच लागते, असं एकदा म्हणाले. मी म्हटलं, माती कधी खाल्लीत. ते हसले नाहीत. माझंही बोलणं तेव्हा कुजकंच होतं, पण घरात काहीतरी आवाज हवा होता.

आम्ही ते कुणाला सांगितलं नाही. येणाऱ्यांना तब्येत बरी नाही म्हणून वाटेला लावलं. गाणाऱ्याचा गळा गेला तर लोक हळहळतात. पारख्याचं नाक गेलं तर लोक मागचे सगळे निकाल पुन्हा मोजायला बसतात. याची त्यांना जास्त धास्ती होती. आता येत नाही, तर तेव्हा तरी येत होतं का?

उन्हं तापायला लागली तेव्हा सलीम आला. सलीमचं मीरा रोडला अत्तराचं लहानसं दुकान. त्याचा बाप पेढीवर नानांबरोबर होता, त्यामुळे मी त्याची काकी. त्याने आणलेली कुपी अब्बासमियाँची होती. म्हातारा फार थकला होता, मुलगे दुसऱ्या धंद्याला लागले होते, ही त्याची शेवटची भट्टी. सगळा माल सलीमकडे आला होता, आखाती मुलखातला एक गिऱ्हाईक थांबला होता, आणि तो नानांच्या शब्दावर थांबला होता. "नाना बोलले की बस," सलीम म्हणाला. "मैं चौथे दिन आता हूँ, काकी. तीन दिवस का काम है, मालूम है मेरे को."

अब्बासमियाँच्या तेलाला नाना नाही म्हणू शकले नाहीत. सलीम गेल्यावर त्यांनी कुपी उजेडात धरली. बुडबुडा आळसाने वर गेला. टीपकागदावर डाग पडला तो पडल्या जागी राहिला. डोळ्यांनी जेवढं कळायचं तेवढं कळलं. त्याला पारख म्हणत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी काचेच्या काडीने माझ्या मनगटावर थेंब टेकवला. थेंब जागेवर पडला. सकाळी त्यांनी हुंगलं, दुपारी हुंगलं. दिवेलागणीला माझं मनगट धरून बसले आणि कधी विचारलं नव्हतं ते विचारलं.

"अगं, काय म्हणतंय ते?"

मी मनगट माझ्या नाकाशी नेलं. मला सगळे शब्द पाठ होते. गोठा, ओलं लाकूड, जायफळ, गोडी. कोणत्या वेळी कोणता शब्द येतो तेही पाठ होतं. तो दिवेलागणीचा शब्द मी म्हटला असता तर त्यांनी विश्वास ठेवला असता. पण मला वास येत नव्हता. आज नव्हे, फार वर्षांपासून येत नव्हता. रोज अंगावर वागवलेलं तेल अंगाचंच होऊन जातं आणि स्वतःच्या अंगाचा वास कुणाला येत नाही. दूधवाल्याला यायचा, जिन्यातल्या बायकांना यायचा. मला नाही.

"मला काही येत नाही," मी म्हटलं.

"म्हणजे तेल खोटं?"

"तेलाचं नाही सांगत. मला येत नाही. केव्हापासूनच येत नाही."

बाहेर वीज गेली होती, सगळी बिल्डिंग पंख्यांशिवाय नुसती श्वास घेत होती. "म्हणजे इतकी वर्षं फुकटच मिरवलंस," ते म्हणाले, आणि त्या अंधारात पहिल्यांदा थोडं हसले. मनगट सोडलं नाही. ज्या वासावर आमचं घर चाललं तो दोघांच्या मध्ये होता, आणि दोघांनाही येत नव्हता.

सलीम दुसऱ्याच दिवशी दुपारी आला, त्याला धीर निघाला नाही. नानांनी त्याला बसवलं. कुपी बूच लावून समोर ठेवली. आणि खरं सांगायचं ठरवलं होतं ते सांगितलं.

"सलीम, मला वास येत नाही रे."

सलीमचा चेहरा उतरलेला मी पाहिला. त्याने कुपी उचलली. "समझ गया, नाना."

"काय समजलास? अरे, खरंच येत नाही. नाक मेलंय माझं."

"बस करो, नाना. इतना भी मत बोलो म्हाताऱ्याबद्दल," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. नाना उभे राहिले. डॉक्टरांचं सांगू लागले, तापाचं सांगू लागले, आणि ते जितकं सांगत तितका सलीम खाली बघे. नाक बसलंय म्हणणारे पारखी त्याने पाहिले होते. नाक मेलंय म्हणण्याइतकं वाईट तेल त्याने ऐकलं नव्हतं. चहा न घेता तो उठला. जिन्यात त्याचा मोबाइल वाजला, त्याने तो घेतला आणि त्याचं बोलणं वर आमच्या दारापर्यंत ऐकू आलं. "नाना ने मना किया. नाक मर गया बोले. सगळा माल परत पाठवतोय मी, परवा."

नानांनी खिडकीतून हाक मारली. खालून सलीमने वर पाहून सलाम केला आणि रिक्षात बसला. नाना गज धरून उभे राहिले. "अब्बासमियाँला मी मारला," ते म्हणाले. मी म्हटलं, फोन करा, तेल खरं आहे म्हणून सांगा. ते म्हणाले, मी तो वास घेतलेला नाही. न घेतलेल्या वासावर मी शब्द दिलेला नाही कधी. आणि आज नाही म्हणालो, उद्या हो म्हणालो, तर नानांना कुणी पैसे चारून फिरवलं असंच लोक म्हणतील. म्हाताऱ्याचं तेल त्याने सुटत नाही. त्या दिवशी ते पाण्याशिवाय काही प्यायले नाहीत. मनगट मागितलं नाही. दिवेलागण अशीच गेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी खारी गावातली जनाबाय बोंबील घेऊन दारात आली. दर दोन दिवसांनी यायची. टोपलीतले बोंबील माझ्या थाळीत घालताना तिने थाळीखालचा माझा हात धरला आणि थांबली.

"काय लावलंस गो हाताला?"

"काही नाही. साबण."

"न्हाय. साबनाचा न्हाय तो." तिने मासळीचा हात पदराला पुसला आणि माझं मनगट जवळ ओढलं. "देवलान उभी रायल्यावानी वाटतंय."

नाना आतून आले तेव्हा त्यांच्या पायात काही नव्हतं. त्यांनी तिला पुन्हा हुंगायला सांगितलं. गोड आहे की लाकडासारखा, असं विचारलं. ती जरा बावरली, म्हातारा रागावला आहे की काय असं तिला वाटलं असावं. "दोनी हाय," ती म्हणाली. थेंब परवा पहाटेचा होता. मी त्यानंतर कितीदा तरी हात धुतला होता, भांडी घासली होती, त्या हताशपणात डावा हात सांभाळायचं सोडून दिलं होतं. तरी तो होता. बोंबलांच्या टोपलीवरून होता.

नाना चपला शोधू लागले.

मीरा रोडला सलीमच्या दुकानात त्या वेळी अत्तरवाले दोघं-तिघं बसलेले होते. त्यांत एक पांढऱ्या दाढीचे वयस्क गृहस्थ, बाजारात नानांच्या बरोबरीचं त्यांचं नाक समजलं जाई. माल बांधलेला होता. दुकानात उन्हाची एक पट्टी आडवी पडली होती आणि फळ्यांवरच्या सगळ्या बाटल्या तिच्यात पेटल्या होत्या, पिवळ्या, हिरव्या, मधाच्या रंगाच्या. नाना त्या उजेडात उभे राहिले आणि म्हणाले, माझे डोळे बांधा.

सलीम तयार होईना. मग मी त्यांच्याच खांद्यावरचा पंचा घेऊन बांधला. नाना म्हणाले, आता हवी ती बाटली धरा. सलीमने गुलाब धरला. नानांनी तुकड्या-तुकड्याने श्वास घेतला, बाहीत नाक खुपसलं, पुन्हा घेतला. "पाणी," ते म्हणाले. केवडा धरला. पाणी. हिना धरली. पाणी. दाढीवाले म्हणाले, नाना नाटक करत आहेत, भट्टीवाल्याची इज्जत राखायला. तेव्हा नानांनी फरशी पुसायचं फिनेल मागितलं. दाढीवाल्यांनी स्वतः ती बाटली उघडून त्यांच्या नाकाखाली धरली. आमच्या सगळ्यांच्या माना वळल्या. नानांची वळली नाही. देवापुढे तीर्थाला हात पसरून थांबतात तसे ते तोंड वर करून थांबले होते, काहीतरी येईल म्हणून, अजूनही, त्या फिनेलकडूनही. ते थांबणं मला पाहवलं नाही. मी फळीवरच्या बाटल्यांकडे बघत राहिले.

दाढीवाल्यांनी बाटली खाली ठेवली आणि पंचा स्वतःच्या हाताने सोडला.

"फिर कल आपने..." सलीम म्हणाला.

"काल मी नुसतं खरं बोललो रे," नाना म्हणाले. "निकाल दिला नव्हता. निकाल आता यांना द्यायला सांग." आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "हात दे."

तोवर नानांशिवाय त्या मनगटाजवळ कुणी पुरुष आला नव्हता. मी हात पुढे केला. दाढीवाल्यांनी त्याला स्पर्श केला नाही. दोन्ही हात पाठीमागे बांधून ते लांबूनच वाकले, डोळे मिटले, आणि त्यांची मान किंचित कलली. तीच तऱ्हा. नाना ते बघत होते. आयुष्यभर जे केलं ते बाहेरून कसं दिसतं हे त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं असावं.

"तीसरा दिन?" दाढीवाल्यांनी मला विचारलं. मी मान हलवली. त्यांनी सलीमला बांधलेल्या मालाची दोरी सोडायला सांगितली.

अब्बासमियाँचं तेल गेलं, चांगल्या नावाने गेलं. आमच्या दारात पुन्हा कुपी आली नाही. लोक वाईट वागले असं नाही, ईदेला सलीम शीरखुर्मा आणायचा, रस्त्यात भेटणारे थांबून नमस्कार करायचे. पण पारख्याला नमस्कार पुरत नाही. नाना सगळं जाणून होते, म्हणून तर चपला शोधायला त्यांना थोडा वेळ लागला होता.

सकाळी ते खिडकीशी बसत. चहाआधी माझं मनगट मागत. त्याच्यावर काही नसे. मी देत असे. ते डोळे मिटून हुंगत, बाहीत नाक खुपसत, पुन्हा हुंगत. काय शोधता, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, तुझ्या अंगाला वास नाही असं मी म्हणालो होतो, ते बरोबर होतं की नाही ते आता कळायचं नाही. त्यांचे डोळे तेव्हा इतके रिकामे होते की मी बांगड्या उगाच वर सरकवत बसले. पुढच्या दोन उन्हाळ्यांत ते तसेच झिजत गेले, टीपकागदावरचा डाग कडेने फिका होतो तसे. शेवटी शेवटी बोटांना मनगट धरवत नसे. मीच ते नाकाशी नेऊन ठेवायची.

नाना गेल्यापासून मी दोन्ही हातांनी लसूण सोलते. बांगड्या जागेवर आल्या आहेत. सलीमने अब्बासमियाँच्या त्या शेवटच्या भट्टीतली एक लहान कुपी मला आणून दिली होती, तिच्यातला थेंब मी कधी मनात आलं तर सकाळी डाव्या मनगटावर टेकवते. मला काहीच येत नाही. पण दूधवाला, आता नवा आहे, दार उघडताच नाक मुरडतो, आणि त्याच्या त्या मुरडलेल्या नाकावरून मला कळतं की सकाळ झाली आहे आणि घरात गोठा आहे. तो दुपारी लाकूड होत असेल, संध्याकाळी गोड होत असेल, मला न सांगता. मला येत नाही म्हणून तो नाही, असं काही मला म्हणता येत नाही. नाना दिसत नाहीत, त्यांचंही आता तसंच आहे. दिवेलागणीला खाडीकडून वारा येतो, कुणी मागितलेला नसताना माझा डावा हात पुढे होतो, आणि त्याला दोन बोटांनी धरून नानांच्या जागी काळ तेवढा उभा असतो, डोळे मिटून, निकाल न देता.